लाल ठिपका आणि चार किलोमीटर

मला क्षय झाला होता. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या घरात ते उच्चारायला कुणी तयार नव्हतं. आमच्या सोसायटीत चौकशी केली तर तळमजल्यावर 'गावड्यांच्या छातीत पाणी झालंय', पहिल्या मजल्यावर 'अशक्तपणा आहे' आणि तिसऱ्या मजल्यावर 'जुना खोकला उलटलाय' अशी तीन उत्तरं मिळत. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. तयार झालेले सुटे भाग मायक्रोमीटरने मोजायचे, बरोबर असतील ते पुढे सोडायचे, नसतील ते बाजूला काढायचे, हे माझं काम. एकाच वस्तूची तीन मापं आली तर मोजणाऱ्याचं काहीतरी चुकतंय, एवढं नोकरीने मला शिकवलं आहे.

ज्यांना हा आजार झालाय आणि ज्यांना घरच्यांनी खिडकीशी एकटं बसवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगतो.

पट्ट्याचं भोक

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी कमरेच्या पट्ट्याला कारखान्यातल्या पंचाने एक नवीन भोक पाडलं. काही आठवड्यांनी आणखी एक. खोकला होता, संध्याकाळी अंग कढत व्हायचं, पण एप्रिल महिना होता आणि मी सगळं उन्हाळ्याच्या नावावर टाकत होतो. दुसऱ्याच्या कामात केसाएवढा फरक पकडणारा माणूस स्वतःच्या कमरेचे दोन इंच सोडून देत होता.

एका दुपारी बेसिनशी खोकताना पांढऱ्या भांड्यात लाल पडलं. मागे सावंत उभा होता. सावंत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, मूळचा मालवणकडचा, तोंडाने फटकळ.

"गावडे, ह्यो पानाचो रंग नाय रे."

"मी पान खात नाही."

"म्हणानच सांगतंय. चल."

त्याने मला रिक्षात घातलं. एक्स-रे झाला, बेडक्याची तपासणी झाली, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "क्षय आहे."

"किती?" मी विचारलं.

"किती म्हणजे?"

"म्हणजे माप काय?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग रिपोर्ट माझ्याकडे वळवला. त्यावर अधिकची तीन चिन्हं होती. "तीन प्लस. ह्याच्या वरचं माप आमच्याकडे नाही. झालं समाधान?"

"बरा होईन?"

"गोळ्या शेवटपर्यंत घेतल्यात तर नक्की. मध्ये सोडल्यात तर मला तोंड दाखवू नका."

इतकं सरळ उत्तर मला त्यानंतर बराच काळ कुणी दिलं नाही. बाहेर बाकावर सुमन, माझी बायको, बसली होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. खाण्यापिण्याचं काय ते विचारलंत का?" मी विचारलं नव्हतं. ती उठली आणि स्वतः आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण अंडी, दूध, शेंगदाणे हे सगळं तिला पाठ झालं होतं.

शेजारची खाट

रक्त थांबेपर्यंत मला रुग्णालयात ठेवलं. सकाळी उजाडताच थर्मामीटर, मग उपाशीपोटी कॅप्सूल, मग इंजेक्शन. झाकणाचा डबा उशाशी, थुंकायचं त्यातच. कॅप्सूलने लघवी केशरी होते हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी घाबरून नर्सला बोलावलं, तर अख्खा वॉर्ड हसला. नवीन माणूस आला की हा खेळ व्हायचाच. आठवड्याभराने मीही दुसऱ्याला हसलो.

शेजारच्या खाटेवर परब होता. पूर्वी गिरणीत होता, संपानंतर मिळेल ते काम करायचा. तो ह्याच आजारासाठी दुसऱ्यांदा आला होता.

"बरा वाटला म्हणान गोळ्यो सोडलंय," तो म्हणाला, "आणि आता परत हंय इलंय. तू सोडू नको हां. नायतर ही खाट कायमची तुझ्या नावावर."

मला उपदेश फारसे पचत नाहीत. पण हा पचला, कारण सांगणारा रोज माझ्यासमोर हाडं दाखवत बसलेला असायचा.

भीतीबद्दल लिहायला हवं. ती मला मरणाची कमी वाटली. भेटीच्या वेळी जास्त वाटायची. माझा धाकटा भाऊ विनायक आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी पहिल्यावर. लहानपणी त्याला मी पाठीवर बसवून शाळेत नेलेलं आहे. तो यायचा, नाकावर रुमाल धरून खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि घड्याळाकडे न बघता घड्याळाचाच विचार करायचा.

"मुलं लहान आहेत रे दादा," एकदा तो म्हणाला.

"माहीत आहे. लांबच उभा राहा."

तेव्हा त्याचं बरोबर होतं, हे मी नमूद करतो. तीन प्लस असलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी वाकू नये. माझं भांडण त्या दिवसांशी नाही. पुढच्या दिवसांशी आहे.

वेगळा कप

घरी आलो तेव्हा गॅलरीच्या खिडकीशी माझी खाट लावलेली होती. ते योग्यच होतं, डॉक्टर बाईंनीच सांगितलं होतं. ताट, वाटी, तांब्या, कप हेही वेगळं होतं. ते बाईंनी सांगितलं नव्हतं. एके दिवशी चहा संपवून कप पालथा केला, तर बुडाला लाल ठिपका. ताट उलटं केलं, तिथेही. वाटीला, तांब्याला, सगळ्यांना. नेलपॉलिशचा ठिपका होता.

आमच्या दोन्ही घरांतली भांडी सतत वर-खाली जात असतात. वर शिरा झाला की वाटी खाली येते, मग त्याच वाटीत खालून लोणचं वर जातं. त्यामुळे माझी भांडी मिसळू नयेत म्हणून मी रुग्णालयात असताना विनायकच्या बायकोने, नलिनीने, ही खूण केली होती.

आता आमच्या खात्याची एक पद्धत सांगायला हवी. जो भाग मापात बसत नाही, त्याच्यावर आम्ही लाल रंगाचा ठिपका देतो. ठिपका पडला की तो नग पुढे जात नाही, कुणी हातात घेत नाही, भंगाराच्या पेटीत पडतो. हजारो ठिपके मी स्वतः दिलेत. कप हातात धरून मी इतका हसलो की खोकल्याची उबळ आली आणि सुमन धावत आली.

"अहो, रागावू नका तिच्यावर," सुमन म्हणाली. "तिची थोरली बहीण ह्यानेच गेली, गावी. ओटीवर वेगळी ठेवली होती तिला. नलिनी पाच-सहा वर्षांची, बहिणीकडे जाते म्हणून रडायची, तर आई ओढून आणायची."

हे मला माहीत नव्हतं. मी ठिपक्याबद्दल गप्प बसलो. गप्प बसायची मुदत मात्र मनाशी ठरवली. तपासणीत जंतू दिसेनासे होईपर्यंत.

पावसाळा निम्मा झाला तेव्हा ते दिसेनासे झाले. बाईंनी पुन्हा तपासलं, पुन्हा नाहीत. "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या मात्र पूर्ण मुदतीच्या."

"आणि कपबशी?"

"हा आजार हवेतून जातो, गावडे. कपबशीतून तो आधीही जात नव्हता."

रिपोर्ट घेऊन मी तिसरा मजला चढलो. धाप लागली, पण चढलो. विनायकने तो दारातच वाचला.

"निगेटिव्ह म्हणजे एकदम शून्य ना दादा? की थोडं असतं?"

"तपासलेल्या नमुन्यात शून्य," मी म्हणालो.

नुसतं 'शून्य' म्हणालो असतो तर कदाचित काम झालं असतं. पण तपासणीवाल्याच्या तोंडून तसं निघत नाही. विनायकच्या पाठीमागे नलिनी उभी होती. 'नमुन्यात' हा शब्द तिच्या चेहऱ्यावर जाऊन बसलेला मला दिसला. ठिपके राहिले.

ताम्हण

गणपती दरवर्षी माझ्याकडे बसतो, मी थोरला म्हणून. त्या वर्षी तो तिसऱ्या मजल्यावर बसला. "दादांना दगदग नको," असं नलिनी म्हणाली. मी मान्य केलं.

आमच्यात आरतीचं ताम्हण एकाच्या हातात राहत नाही. प्रत्येकाने ते दोन्ही हातांत घ्यायचं, दोन-चार वेळा ओवाळायचं आणि शेजारच्याच्या हातात द्यायचं. घरातला माणूस असो की आलेला पाहुणा, रांगेतलं कुणी सुटत नाही. त्या संध्याकाळी ताम्हण विनायककडून माझी मुलगी मीना हिच्याकडे आलं, मीनाकडून सुमनकडे. सुमन माझ्याकडे वळली. मी हात पुढे केले. तेवढ्यात मागून नलिनीने ते घेतलं.

"दादा, तुम्ही उभ्याने दमलात. बसा ना."

आणि ताम्हण माझ्या हातांवरून पलीकडे, दर्शनाला आलेल्या सावंतला दिलं.

टाळ्या चालूच होत्या. सावंतचं तोंड मात्र बंद झालं. त्याने ओवाळलं नाही, नुसता धरून उभा राहिला, आणि आरती संपेपर्यंत ते त्याच्याच हातात राहिलं. मी बसलो नाही. उभाच राहिलो.

जिना उतरताना सावंत म्हणाला, "गावडे, लायनीतली तुझी जागा गेली रे."

"जागा कुठे जात नाही," मी म्हणालो. "माणूस बाजूला काढतात."

नोव्हेंबरात, मी पुन्हा कामावर जाऊ लागल्यावर, त्याने कारखान्यात माझ्या टेबलावर एक छापील कागद आपटला. आरे कॉलनीच्या रस्त्यांवर एक व्यायाम मंडळ मॅरेथॉन रिले भरवणार होतं. पूर्ण मॅरेथॉनचं अंतर, बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर, पाच जणांनी वाटून घ्यायचं. मंडळी घरची किंवा मित्र. निदान एक बाई हवी, एक जण पंचेचाळिशीच्या वरचा हवा, आणि कुणीही तीन किलोमीटरपेक्षा कमी जायचं नाही. एकाने टप्पा संपवला की बॅटन दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

'हातात' ह्या शब्दाखाली सावंतने पेनाने रेघ ओढली होती.

उरलंसुरलं

विनायक कॉलेजात असताना लांब पल्ल्याच्या शर्यती धावलेला आहे आणि अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे आरेत धावायला जातो. रिले म्हटल्यावर तो लगेच तयार झाला.

"मी पंधरा घेतो. सावंत बारा. मीना आठ. पंचेचाळिशीच्या वरचे कोण? तळमजल्यावरच्या काकांना विचारू?"

"मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे," मी म्हणालो.

मीना माझ्याकडे बघून हळूच हसली.

"दादा, तू वेडा आहेस का? वर्षभर आजारी होतास," विनायक म्हणाला.

"फेब्रुवारीत शर्यत आहे. माझ्या गोळ्या जानेवारीत संपतात. डॉक्टर बाईंना विचारतो. त्या नाही म्हणाल्या तर नाही."

बाई नाही म्हणाल्या नाहीत. माझा नवा एक्स-रे त्यांनी उजेडासमोर धरला, डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातले जुने वण मला दाखवले आणि म्हणाल्या, "हे राहणार. ह्यांना घेऊन चालायचं. धावायचं नाही, भरभर चालायचं. रक्त दिसलं, छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच बसायचं. कबूल?"

"कबूल."

"आणि निकाल मला येऊन सांगायचा. आकड्यांत."

मी चार किलोमीटर घेतले. एकूण एकोणचाळीस झाले. पाचव्या माणसासाठी तीन किलोमीटर आणि वरचे एकशे पंच्याण्णव मीटर शिल्लक राहिले. कोण घेणार ह्यावर बरीच चर्चा झाली. सुमन भाजी निवडत होती, तिने मान वर न करता सांगितलं, "द्या मला. उरलंसुरलं नेहमी माझ्याच वाट्याला येतं."

सगळे हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मीनाचे कॅनव्हासचे बूट घातले, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चला, किती असतं ते तीन किलोमीटर बघू." आम्ही दोघं जवळच्या रस्त्यावर रोज चालू लागलो. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत. पुढे पुढे त्याच्याही खूप पुढे. लग्नानंतर इतकं एकत्र चालणं आमचं पहिल्यांदाच झालं. आजारपणात ज्या चांगल्या गोष्टी मिळाल्या त्यांत ही मी वरच्या बाजूला लिहीन.

स्टूल

बॅटन प्रत्येक टीमने आपलं आणायचं होतं. सावंतने कारखान्यातल्या अॅल्युमिनियमच्या नळीचा फूटभर तुकडा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि तपासायला माझ्या टेबलावर ठेवला. काम चोख होतं. घरी आणल्यावर मी मीनाला म्हटलं, "काकूकडून लाल नेलपॉलिश आण."

"कशाला?"

"आण तर. तीच बाटली आण."

नळीच्या एका टोकाला मी लाल ठिपका दिला आणि वाळू दिला. मीना बघत होती.

"बाबा, ही शर्यत आहे की भांडण?"

"दोन्ही."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी विनायक आला. धावण्याचा क्रम ठरला होता. सावंत, मीना, सुमन, मग मी, आणि शेवटी तो. म्हणजे माझ्या हातातून बॅटन त्याच्या हातात जायचं होतं. तो बराच वेळ बुटांच्या नाड्यांबद्दल बोलला. मग ठिपका त्याच्या नजरेस पडला.

"हे काय?"

"खूण. कुठलं टोक माझं ते कळायला."

तो खाली बघू लागला. "दादा, मी काय म्हणतो, तू दमलेला असशील. देण्याघेण्याच्या गडबडीत पडलास तर? त्यापेक्षा आम्ही रेघेवर एक स्टूल ठेवतो. तू बॅटन स्टुलावर ठेव, मी उचलतो."

"नियमात हातात लिहिलंय."

"कोण बघणार आहे तिथे?"

"मी."

"तुला सगळ्यात वाईटच का दिसतं रे? मी तुझ्या काळजीने बोलतोय."

"विनू, मी पहिल्या मजल्यावर राहतो, तू तिसऱ्यावर. सहा महिने झाले, तुझी मुलं आमच्या दारावरून धावत खाली जातात, आत येत नाहीत. काळजी कळते मला. स्टूल आणायचं तर आण, मी त्याच्यावर बसेन. बॅटन तुझ्या हातातच देणार. नसेल घ्यायचं तर आत्ता सांग, आपण नाव काढून घेऊ."

तो वर गेला. नाव काढायला सांगितलं नाही, घेतो असंही म्हणाला नाही. सुमनने त्याचा अर्धा राहिलेला चहा मोरीत ओतला आणि म्हणाली, "जरा जास्तच बोललात."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पण बरोबर बोललो."

माझा टप्पा

सकाळी आरेत चांगला गारवा होता. झाडांमधून गुरांच्या गोठ्यांचा वास येत होता, आणि रस्त्यावर दर किलोमीटरला आणि बॅटन द्यायच्या प्रत्येक जागी चुन्याची जाड रेघ मारलेली होती. आम्ही आपापल्या रेघेवर जाऊन उभे राहिलो. मी माझ्या रेघेवर एकटा. माझ्या आसपास इतर टीमची तरणी मंडळी पाय झटकत होती. एकाने मला विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय?"

"बायकोची."

त्याला ते विनोदी वाटलं. ते खरंच होतं.

एकेक टीम पुढे गेली. तो तरुणही गेला. रेघेवर अगदी थोडे राहिलो तेव्हा वळणावरून सुमन दिसली. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद, आणि बरोबर दुसऱ्या टीमची एक बाई. दोघी भराभर चालत होत्या आणि तितक्याच भराभर बोलत होत्या. रेघेजवळ येताच सुमनने बॅटन माझ्या हातात कोंबलं.

"अहो, ह्या मुलुंडच्या. ह्यांच्या मिस्टरांनाही टी.बी. होता. मी सांगितलं ह्यांना, आमच्याकडेही होता म्हणून. आता निघा, बघताय काय?"

मी निघालो. पण तिचं वाक्य कानात होतं. रस्त्यात, एका अनोळखी बाईला, चारचौघांत, सुमनने ते नाव घेतलं होतं. छातीत पाणी नाही, अशक्तपणा नाही. टी.बी. मला वाटतं माझा पहिला किलोमीटर त्या वाक्यानेच चालवला.

दुसऱ्यात चढ लागला. छातीच्या डाव्या बाजूला, जिथे बाईंनी वण दाखवले होते तिथे, कुणीतरी फडका पिळावा तसं व्हायला लागलं. दुखत नव्हतं, श्वास आखूड पडत होता. मी वेग कमी केला. मागून येणारे पुढे गेले. मग मागे कुणीच उरलं नाही असं वाटलं, आणि त्याच क्षणी उबळ आली.

खोकला असा आला की मी रस्त्याच्या कडेला वाकलो आणि गुडघ्यावर हात टेकले. एका हातात बॅटन, दुसऱ्याने खिशातून रुमाल काढला, तोंडावर धरला. उबळ थांबली तरी रुमाल बघायची हिंमत होईना. ज्यांना हे झालंय त्यांना तो क्षण सांगायला नको. मी ठरवलं होतं, लाल दिसलं तर बसायचं, डॉक्टर बाईंना शब्द दिलाय. उघडला. पांढरा. नुसता ओला आणि पांढरा. उलटून पालटून, चारही कोपरे बघितले. तपासणी पूर्ण केल्याशिवाय मी पास करत नाही.

तेवढ्यात मंडळाचा एक स्वयंसेवक स्कूटरवरून आला.

"काका, बरं नाही का? बसा मागे, पुढच्या रेघेवर सोडतो. कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन."

"पण तुम्ही शेवटचे आहात."

"मग घाई नाही," मी म्हणालो आणि चालू लागलो.

तो बिचारा बराच वेळ माझ्या मागे हळूहळू स्कूटर चालवत राहिला. तिसऱ्या किलोमीटरला उतार मिळाला, श्वास जागेवर आला. गोठ्याबाहेर दुधाच्या कॅन धुणाऱ्या दोघांनी माझ्याकडे, मग मागच्या स्कूटरकडे बघितलं. "कोण मंत्री आहे काय?" एकाने विचारलं. मी बॅटन उंच करून दाखवलं. ते हसले, मीही हसलो, आणि हसूनही खोकला आला नाही.

शेवटचा किलोमीटर सरळ रस्त्याचा होता. त्यामुळे विनायक मला खूप लांबून दिसला, आणि मी त्याला. रिलेत देणं-घेणं क्षणात होतं म्हणतात. आमचं तसं नव्हतं. मी चालत होतो, आणि विचार करायला आम्हा दोघांनाही भरपूर वेळ होता. रेघेवर तो एकटाच उरला होता. बाजूला नलिनी उभी होती, मुलाची शाळेची वॉटरबॅग गळ्यात अडकवून. आणि तिच्या शेजारी रस्त्याच्या कडेला त्यांच्या घरातलं लाकडी स्टूल होतं.

खोकल्याने जे झालं नव्हतं ते स्टुलाने केलं. क्षणभर वाटलं, ठेवावं त्याच्यावर आणि खाली बसावं. मग मी बॅटन पुढे धरलं, ठिपक्याचं टोक त्याच्याकडे करून, आणि हात तसाच ताणलेला ठेवून राहिलेलं अंतर चालू लागलो. दंड भरून आला. खाली घेतला नाही.

मी जवळ आलो तसा विनायक वळला आणि त्याने माझ्याकडे पाठ केली. संपलं, असं मला वाटलं. मग त्याचा उजवा हात मागे आला. तळवा वर, बोटं उघडी. शर्यतीतला धावपटू असाच घेतो, मागे न बघता, हे मला नंतर मीनाने सांगितलं. मला तेव्हा दिसला तो फक्त हात. त्यात रुमाल नव्हता.

मी बॅटन त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याची बोटं मिटली. बॅटनवर, ठिपक्यावर, आणि माझ्या बोटांवरही.

तो निघेना. मग म्हणाला, "दादा."

"काय?"

"सोड ना आता! मी धावू कसा?"

मीच धरून ठेवलं होतं. सोडलं. तो असा सुटला की स्कूटरवाल्याने शिट्टी मारली.

मी रेघेवर वाकून उभा राहिलो. पायांना मागून स्टूल लागलं. नलिनीने सरकवलं होतं.

"बसा दादा. हे म्हणाले, दादा स्टुलावर बसणार म्हणालाय, म्हणून आणलंय."

मी बसलो. तिने वॉटरबॅग उघडून हातात दिली. सहा महिन्यांच्या सवयीने मी मान मागे टाकली आणि वरून धार धरली. धाप लागलेली, पाणी नाकात गेलं, मी ठसकलो. ती पुढे वाकली. चेहऱ्यावर भीती होती, नव्हती असं मी लिहिणार नाही. पण ती मागे सरली नाही. पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "तोंड लावून प्या, दादा."

"मुलाची बाटली आहे."

"माहीत आहे मला कुणाची आहे ती."

मी तोंड लावून प्यायलो. पाणी संपेपर्यंत प्यायलो. ती विनायक गेला त्या दिशेला बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती. तिच्या बहिणीबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

निकाल

विनायकने सहा टीमना मागे टाकलं. तरीही आम्ही शेवटून सातवे आलो. हे मी डॉक्टर बाईंना जाऊन सांगितलं, टप्प्यांच्या अंतरासकट. त्या म्हणाल्या, "आणि रुमाल?" मी म्हणालो, "पांढरा." त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तुमच्या घरी तुमचा कप वेगळा ठेवला असेल, तर पहिले काही आठवडे भांडू नका. तोंडावर रुमाल धरा, खिडकी उघडी ठेवा, गोळी एक चुकवू नका. बरं वाटलं तरी, विशेषतः बरं वाटलं तरी. परबने मला सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो. पण डॉक्टर एकदा 'धोका नाही' म्हणाले की खिडकीतून उठा. आपणहून कुणी बोलवायला येईल म्हणून थांबू नका. जी वस्तू हातातून हातात जाते अशी एखादी शोधा, आणि रांगेत जाऊन उभे राहा. हात पुढे करा आणि खाली घेऊ नका. समोरचा घाबरलेला असतो. त्याला वेळ द्या, जागा मात्र सोडू नका.

शर्यतीनंतरच्या रविवारी नलिनी खाली आली. हातात कापूस आणि नेलपॉलिश पुसायच्या औषधाची बाटली होती. तिने फळीवरचा माझा कप घेतला आणि पालथा केला.

"राहू दे," मी म्हणालो.

"पण दादा, आता कशाला तो?"

"राहू दे गं. ह्या फळीवर सहा कप आहेत. ज्याच्या हाताला जो येईल तो त्याने घ्यावा."

मग तिने बाटलीचं बूच लावलं, कप इतरांच्या रांगेत ठेवला आणि सुमनला म्हणाली, "वहिनी, चहा टाका. सगळ्यांचा. मुलांना हाक मारते."